अगरबत्तीचा वास आणि कणांची हालचाल: खरा पुरावा कोणता?

प्रश्न डिचोलीकडच्या एका शिक्षिकेचा आहे. नववीच्या वर्गात त्यांनी पंखे बंद केले, अगरबत्ती लावली, वास मागच्या बाकापर्यंत पोचला आणि ‘म्हणजे पदार्थाचे कण सतत हलत असतात’ असं फळ्यावर लिहिलं. त्यावर एका मुलीने विचारलं, ‘टीचर, वास वाऱ्याने आला असेल ना?’ तिला काय सांगायचं, आणि वाऱ्याची शंका काढता येणार नाही असा पुरावा शाळेत दाखवता येतो का, हे त्यांना हवं आहे.

मुलगी बरोबर आहे, हे तिला आधी सांगा. गोव्यात उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि हा प्रश्न मनात असूनही न विचारता गप्प बसलेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. पंखे बंद केले म्हणून हवा थांबत नाही. अगरबत्तीचं टोक गरम असतं, त्यावरची हवा तापून वर जाते आणि बाजूची तिची जागा घ्यायला येते. चाळीस मुलांची अंगं गरम, कौलं तापलेली, दार अर्धवट उघडं. खोलीभर हळू वारे चालूच असतात. वास मागच्या बाकापर्यंत नेला तो मुख्यतः त्यांनी.

किती मुख्यतः, ते आकड्यात बघू. वास देणारे रेणू पूर्ण निश्चल हवेत फक्त स्वतःच्या भटकण्याने पसरले तर त्या प्रकाराला आपण विसरण म्हणतो. अशा रेणूंचा हवेतला विसरणांक, म्हणजे ते किती झपाट्याने पसरतात ते सांगणारा आकडा, साधारण ०.१ चौरस सेंटीमीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून कमी असतो. अंतराचा वर्ग करायचा आणि विसरणांकाच्या दुपटीने भागायचं, म्हणजे वेळेचा अंदाज मिळतो. एक मीटरसाठी उत्तर येतं पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास. मागचं बाक पाच मीटरवर असेल तर पंचवीसपट, म्हणजे दोन आठवडे. शाळा सुटेल, चवथीची सुट्टी येऊन जाईल, तरी वास पोचायचा असेल. प्रत्यक्षात तो मिनिटाभरात येतो, तेव्हा श्रेय कुणाचं ते उघड आहे. काजूच्या दिवसांत भट्टीवरचा हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) वास अर्ध्या वाड्याला कळतो तोही वाऱ्यामुळेच, आणि वारा फिरला की ज्या घरांना तो कळतो ती घरंही बदलतात.

हीच शंका एकदा फार मोठ्या माणसांना पडली होती. वायूचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात असं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउझियसने १८५७ मध्ये मांडलं. डच हवामानशास्त्रज्ञ बॉइस बॅलट याने लगेच हरकत घेतली: इतके वेगवान असतील तर धुराचा लोट हवेत तसाच का लटकतो, वास क्षणात खोलीभर का होत नाही? हरकत चोख होती. क्लाउझियसने १८५८ मध्ये उत्तर दिलं की रेणू वेगवान आहेत खरे, पण ते सतत एकमेकांवर आपटतात, त्यामुळे सरळ जाताच येत नाही. आजचे आकडे घ्या. तीस अंशांच्या हवेत नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७५ मीटर असतो. आडकाठी नसती तर पणजीहून मडगावला तो सव्वा मिनिटात पोचला असता. पण दोन टकरींमधलं त्याचं सरासरी अंतर मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागाएवढं आहे आणि टकरी होतात सेकंदाला सहा-सात अब्ज. प्रत्येक टकरीला दिशा बदलते. एवढं धावून पदरात पडतं ते चौदा तासांत एक मीटर.

तेव्हा अगरबत्तीचा प्रयोग खोटा नाही, त्याचं अनुमान घाईचं आहे. वासाचे कण उदबत्तीपासून सुटले आणि हवेत मिसळले एवढं त्यातून कळतं. ते आपण होऊन हलतात की त्यांना कुणी हलवतं, हे त्यातून कळत नाही.

पाण्याच्या पेल्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकायचा प्रयोगही याच कारणाने लंगडा आहे, उलट जास्तच. द्रवात विसरण हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू चालतं. परमँगनेटचा रंग शांत पाण्यात एक सेंटीमीटर जायला आठ-नऊ तास घेईल. पेल्यात तो पाच मिनिटांत जांभळ्या दोऱ्या सोडत फिरतो, कारण खडा पडताना पाणी ढवळतो, रंग विरघळून जड झालेलं पाणी तळाशी घसरतं आणि पेला एका बाजूने किंचित गरम असला तरी प्रवाह सुरू होतो. त्या जांभळ्या दोऱ्या नीट दाखवा मुलांना. दोरीसारखा आकार दिसतो तिथे पाणी वाहतंय. विसरणाला दोऱ्या नसतात, त्याची कड सगळीकडे सारखी आणि धूसर असते.

मग प्रवाह थांबवायचा कसा? पाणी गोठवून. बर्फ करून नव्हे, चायना ग्रासने. चायना ग्रास म्हणजे अगर. शंभर मिलिलिटर पाण्यात दीड-दोन ग्रॅम उकळून विरघळवा, सरळ उभ्या काचेच्या नळीत किंवा अरुंद पेल्यात अर्ध्याच्या वर भरा आणि थंड होऊ द्या. जेली धरली की आतलं पाणी एकूण म्हणून कुठेच वाहू शकत नाही. जेलीचं जाळं मात्र इतकं विरळ असतं की लहान कणांना ते जवळजवळ जाणवतच नाही. आता वर मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) दाट द्रावण ओता. मोरचूद शोधत फिरायला नको, पावसाआधी पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारणारा कुठलाही कुळागरवाला, म्हणजे बागायतदार, चिमूटभर देईल. विष आहे, तेव्हा नळी स्वयंपाकघरातली नको, आणि उरलेलं शिक्षकांनीच टाकायचं.

नळीमागे पांढरा कागद आणि बाजूला मिलिमीटरची पट्टी लावा. सकाळी आठला ओतलंत तर नऊला निळी कड जेलीत साधारण तीन मिलिमीटर उतरलेली दिसेल. कड धूसर असते, म्हणून एक ठरावीक फिकट छटा मनाशी धरून दर वेळी तीच मोजायची आणि मोजणारं मूल शक्यतो एकच ठेवायचं. बारा वाजता पुन्हा मोजा. चार तास झाले, म्हणून मुलं बारा मिलिमीटरची वाट बघत असतात. मिळतात सहा. मध्यरात्री, म्हणजे सोळा तासांनी, कुणी जागं राहिलं तर बारा मिळतील. तुमच्या जेलीत आणि तुमच्या द्रावणात नेमके आकडे थोडे वेगळे येतील, पण प्रमाण हेच राहील: वेळ चौपट, अंतर दुप्पट.

मला या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे प्रमाण. वाहणारी वस्तू दुप्पट वेळात दुप्पट अंतर जाते. ज्याला दिशाच नाही, जो प्रत्येक पावलाला नाणं उडवून पुढे की मागे ठरवतो, तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात दूर जातो. म्हणजे निळी कड किती उतरली यापेक्षा ती कशी मंदावत गेली हे महत्त्वाचं. मंदावण्याच्या त्या तऱ्हेत कणांच्या दिशाहीन भटकण्याची सही आहे, आणि वाऱ्याला किंवा प्रवाहाला ती सही करता येत नाही. वर्गात आलेख काढून घ्या: आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर अंतर. बिंदू सरळ रेषेत आले की शंका विचारणाऱ्या मुलीलाच फळ्याकडे बोलवा.

लहान वर्गांसाठी मोरचुदाऐवजी भिरंडाचं (कोकमाचं) आगळ घ्या. रंग छान उतरतो, फक्त त्याचे रेणू मोठे असल्यामुळे वेळ जास्त लागतो. रात्रभर ठेवा.

पण एक पळवाट इथेही उरते. कुणी म्हणेल, पदार्थ हा मुळात कणांचा नाहीच, अखंड आहे, आणि दाट जागेकडून विरळ जागेकडे झिरपणं हा त्याचा स्वभाव. गणित तेच येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विल्हेल्म ओस्टवाल्डसारखा रसायनशास्त्रज्ञ आणि एर्न्स्ट माखसारखा भौतिकशास्त्रज्ञ अणूंना सोयीची कल्पना मानत होते, वस्तुस्थिती नव्हे. हा वाद मिटवणारा पुरावा सूक्ष्मदर्शकातून आला, आणि तो शाळेत दाखवता येतो.

१८२७ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट ब्राउन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्किया नावाच्या फुलाचे परागकण पाण्यात घालून बघत होता. पुष्कळ पुस्तकांत परागकण नाचताना दिसले असं छापतात, ते चूक. अख्खा परागकण फार मोठा असतो, तो असा नाचत नाही. नाचत होते ते परागकणाच्या आतले बारीक कण. पहिली शंका साहजिक होती की हे जिवंत असतील. ब्राउनने ती तपासली. जुने वाळलेले पराग घेतले, मग काचेची पूड, मग खडक, त्यात इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडासुद्धा. पुरेसा बारीक केला की कुठलाही पदार्थ पाण्यात नाचतो. जिवाचा प्रश्न तिथे मिटला. १८८८ मध्ये फ्रान्सच्या लुई गुईने बाकीचे संशयित तपासले: बाहेरचे हादरे, प्रकाश, विद्युत-चुंबकीय क्षेत्र. कशानेही नाच थांबला नाही की बदलला नाही.

आता तुमची काचपट्टी. परीक्षानळीभर पाण्यात पिशवीतल्या दुधाचा एक थेंब. पिशवीवर होमोजिनाइज्ड असेल तर उत्तम, कारण त्यात स्निग्धाचे गोळे एक मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास बारीक केलेले असतात. त्यातला छोटा थेंब पट्टीवर, वर कव्हरस्लिप, आणि चारही कडा व्हॅसलीनने किंवा नेलपॉलिशने बंद. कडा बंद करायची ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच प्रयोग बिघडतो: कडेने पाणी सुकतं, सगळे कण एका दिशेने वाहू लागतात आणि मुलांना ती मिरवणूकच कणांची हालचाल वाटते. कडा बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा. ४०ची वस्तुभिंग लावा, म्हणजे एकूण ४००पट. खालची प्रकाशाची झडप बरीच मिटवा, नाहीतर उजेडात बारीक गोळे पुसून जातात.

मुलांना बघायला काय सांगायचं यावर सगळं अवलंबून आहे. ‘कण हलताना दिसतात का’ असं विचारू नका. शेजारशेजारचे दोन बारीक ठिपके निवडायला सांगा आणि विचारा, हे दोघं एकत्र हलतात का? प्रवाह असेल तर शेजारी शेजाऱ्याबरोबर जाईल. इथे एक डावीकडे सरकतो त्याच क्षणी दुसरा खाली जातो, मग थरथरतो, मग पहिल्याच्या जवळ येतो, परत दूर जातो. दोन मायक्रोमीटर अंतरावरच्या दोघांना वेगवेगळ्या दिशांना ढकलणारा वारा कुठे असतो? मग नजर मोठ्या गोळ्यांवर न्या. ते जेमतेम हलतात. बारीक जास्त, मोठे कमी, हेही टिपून घ्यायला सांगा. मोठ्या गोळ्यावर चारी बाजूंनी इतके रेणू आपटतात की धक्के जवळजवळ कटतात. बारक्यावर एका क्षणी डावीकडून थोडे जास्त, पुढच्या क्षणी उजवीकडून, आणि ती तफावत त्याला हलवून जाते.

दुसरी पट्टी लाल मातीची करा. पावसात अंगणातलं तांबडं पाणी पेल्यात रात्रभर ठेवा, गाळ बसू द्या, आणि वर गढूळ राहिलेल्या पाण्याचा थेंब घ्या. दूध जिवंत असेल अशी शंका कुणाला असलीच तर मातीबद्दल नसेल. रात्रभरात ते कण तळाशी का गेले नाहीत, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँने अणूंचा वाद संपवला. १९०५ मध्ये आइनस्टाइनने भाकीत केलं होतं की सतरा अंशांच्या पाण्यात एक मायक्रोमीटर व्यासाचा कण एका मिनिटात कुठल्याही एका दिशेत सरासरी सहा मायक्रोमीटर सरकेल, आणि हे सरकणं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढेल. (तेच वर्गमूळ, जेलीतलं.) आपल्याकडच्या तीस अंशांच्या पाण्यात हिशेब केला तर आठच्या आसपास येतो, कारण पाणी गरम आणि पातळ. पेरँला हे मोजायला एकाच आकाराचे गोल कण हवे होते. ते त्याला मिळाले गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकातून, जो चित्रकार रंग म्हणून वापरत. हा डिंक गार्सिनिया कुळातल्या झाडांचा. आपलं भिरंडाचं झाड, म्हणजे कोकम, गार्सिनिया इंडिका, त्याच कुळातलं. सोलकढी पिणाऱ्या मुलांना हे नातं सांगितलं की पेरँ त्यांच्या लक्षात राहतो, हा माझा अनुभव. एक किलो गॅम्बोज पाण्यात घोळवून, यंत्रावर गरगर फिरवून, जड-हलके वेगळे करत करत कित्येक महिन्यांनी त्याच्या हाती काही दशांश ग्रॅम सारख्या कणांचा साठा आला.

मग त्याने थेंबात वेगवेगळ्या उंचीवर कण मोजले. प्रत्येकी तीस मायक्रोमीटर वर गेल्यावर मिळालेलं प्रमाण होतं १००, ४७, २३, १२. दर थराला निम्मे. आपल्या वातावरणात हवेचा दाब पाच-सहा किलोमीटर वर गेलं की निम्मा होतो, तोच नियम इथे थेंबाच्या आत. कण खाली ओढले जात होते आणि रेणूंचे धक्के त्यांना परत उधळत होते. किती उंचीवर निम्मे होतात त्यावरून एका मोलमध्ये किती रेणू, हा ॲव्होगाड्रो अंक काढता येतो. पेरँने तो असा काढला, कणांच्या सरकण्यावरून काढला, त्यांच्या गरगरण्यावरूनही काढला. वाटा वेगळ्या, आणि उत्तर दर वेळी १०च्या २३व्या घाताच्या सहा-सातपट. आजचा आकडा ६.०२२ आहे. जी वस्तू नाहीच, तिची मोजदाद तीन वाटांनी एकसारखी येत नसते. १९०९ मध्ये ओस्टवाल्डने अणू मान्य केले. पेरँला १९२६चं नोबेल मिळालं.

राहिला ‘सतत’ हा शब्द. हुशार मूल विचारेल की हे कण दमत कसे नाहीत, घर्षणाने थांबत का नाहीत? दुधाच्या गोळ्याला घर्षण होतं. पण घर्षण म्हणजे काय, तर गोळ्याची ऊर्जा आजूबाजूच्या रेणूंच्या हालचालीत जाणं. तेच रेणू ती धक्क्यांतून परत देतात. देणं-घेणं समसमान असल्यामुळे बंद पट्टी उद्या बघा, परवा बघा, नाच तोच. खालच्या पातळीवर ऊर्जा गळून जायला जागाच नाही.

वरून शांत दिसणाऱ्या ठिकाणीही हे देणं-घेणं चालू असतं. आगरवाड्याच्या मिठागरात पाणी कधीच उकळत नाही, तरी एप्रिलात ते उडून मीठ मागे राहतं, कारण सगळ्या रेणूंचे वेग सारखे नसतात आणि वेगवान असतील ते पृष्ठभाग सोडतात. जुलैत दोरीवरचे कपडे तीन दिवस ओले राहतात तेव्हा रेणूंनी सुटणं थांबवलेलं नसतं. जेवढे सुटतात जवळजवळ तेवढेच दमट हवेतून परत येतात. हे नुसतं म्हणणं नाही. जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असतो ते) दमट हवेत उघडं ठेवलं तर त्याची शुद्धता उतरत जाते, कारण हवेतलं साधं पाणी आत येतं आणि जड पाणी बाहेर जातं. म्हणून ते घट्ट बंद ठेवावं लागतं.

घन पदार्थांबद्दल थोडक्यात. तिथे कण जागच्या जागी कंप पावतात, आणि अधूनमधून एखादा जागा सोडतो. रॉबर्ट्स-ऑस्टेनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाला सोनं चिकटवून चार वर्षं साध्या तापमानाला ठेवलं, आणि शिशाच्या आत सोनं सापडलं. पुढे १९२० च्या सुमारास हेव्हेशीने किरणोत्सारी शिसं वापरून शिशाचे अणू शिशातच भटकतात हे दाखवलं. वर्गात दाखवण्यासारखं यात काही नाही, सांगण्यापुरतं ठेवा. वेगाचं थेट मोजमाप हवं असेल तर ऑटो स्टर्नचं १९२० मधलं काम सांगा: चांदीची वाफ निर्वातात बारीक फटीतून सोडली, सगळं उपकरण गरगर फिरवलं, आणि अणूंचा ठसा किती सरकला त्यावरून वेग काढला. सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास, गणिताने सांगितला होता तसाच.

आणि थंड करत नेलं तर? हालचाल कमी होत जाते, पण पूर्ण थांबते असं शिकवू नका, जुन्या गाईडांत काहीही असलं तरी. साध्या दाबाला हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही. त्याचे अणू निरपेक्ष शून्याजवळसुद्धा, म्हणजे सगळ्यात कमी शक्य तापमानाजवळही, इतके हलतात की घन व्हायला सुमारे पंचवीस वातावरणांचा दाब द्यावा लागतो. त्याचं कारण पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) आहे, तेव्हा नववीला एवढंच सांगून सोडा आणि बाकीचं अकरावी-बारावीच्या शिक्षकांवर ढकला.